बाटलीच्या तळाशी

एचपीएलसीवर काही बिनसलं की सगळ्यांच्या नजरा आधी कॉलमकडे वळतात, मग पंपाकडे. मोबाइल फेजच्या बाटलीत, टेफ्लॉनच्या नळीच्या टोकाला बुडून बसलेला पेराएवढा फिल्टर कुणाच्या ध्यानातही येत नाही. आमच्याकडे त्याला सिंकर म्हणतात. नळीचं तोंड तळाशी धरून ठेवणं हेही त्याचं कामच. औषध कंपनीच्या क्यूसीत इतकी वर्षं काढल्यावर मी मात्र तपास तिथूनच सुरू करते.

एका इम्प्युरिटीच्या ग्रेडियंट मेथडमध्ये पीक दर इंजेक्शनला थोडे थोडे लवकर येऊ लागले होते. कॉलम बदलून झाला होता, तरी तेच. पंप क्वाटर्नरी, म्हणजे चार बाटल्यांतून घेऊन आतच मिसळणारा. मी बफरची नळी डिगॅसरपासून सोडवली आणि खाली धरली. बाटल्या मशीनच्या डोक्यावर असतात. भरलेल्या नळीतून द्रव आपोआप वाहायला हवा. इथे एकेक थेंब, तोही रेंगाळत. सिंकर काढला आणि नळी पुन्हा भरून धरली, तर सरळ धार लागली. सिंकर बोटांत घेतला तर बुळबुळीत. फॉस्फेट बफरमध्ये जिवाणूंनी बस्तान बसवलं होतं. बफर कमी येत होता, त्यामुळे मिश्रणात अ‍ॅसिटोनायट्राइलचा वाटा वाढत होता, आणि रिव्हर्स्ड फेजमध्ये तो वाढला की पीक लवकर सुटतात. बिचाऱ्या कॉलमचा काहीच दोष नव्हता.

नवीन मुलं हमखास विचारतात, मोबाइल फेज आपण 0.45 मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून गाळतो, मग या फिल्टरची छिद्रं 10-20 मायक्रॉनची का? बारीक लावला तर जास्त चांगलं नाही का? प्रश्न मला आवडतो, कारण त्याच्या उत्तरात अख्खा पंप समजतो. पंप पुढे 400 बारनेही रेटू शकतो, पण मागून ओढायची त्याची ताकद फार तोकडी. खरं तर तो ओढतच नाही. तो जागा मोकळी करतो आणि बाटलीतल्या द्रवावरचा हवेचा दाब द्रवाला आत ढकलतो. हा दाब जेमतेम 1 बार. तेवढ्यावर वाट अडली की नळीत बुडबुडे सुटतात, पंप हवा गिळतो, प्रेशर वरखाली नाचतं आणि बेसलाइनही त्याच्याबरोबर हलते. गाळण्याचं काम मेम्ब्रेनचं. सिंकर हा वाड्याच्या दारावरचा राखणदार. चुकून पडलेला कण त्यानं अडवावा, येणाऱ्याजाणाऱ्याची वाट अडवू नये.

साफसफाईत मी हयगय चालवून घेत नाही. स्टीलचा सिंकर सोनिकेटरमध्ये घातला तरी चालतो. काचेचा कधीही घालू नये. त्याची काच झडते आणि तेच कण पुढे पंपात जातात. बुळबुळीवर पातळ नायट्रिक अ‍ॅसिड उपयोगी पडतं, पण त्याआधी सिंकर पाण्यानं भरपूर धुवा. छिद्रांत अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल राहिलं आणि त्यावर नायट्रिक पडलं तर जिवावर बेतू शकतं. अ‍ॅसिडनंतर पुन्हा पाणी, पीएच न्यूट्रल येईपर्यंत. एवढं करूनही धार मोकळी होत नसेल तर तो टाकून द्या. नवा सिंकर कॉलमच्या मानानं फार स्वस्त पडतो.

पण मुळात तो तुंबतो तो बहुतेकदा आपल्या सवयींमुळे. संध्याकाळी सीक्वेन्स लावायची घाई असते, बाटलीत तळाला कालचा बफर असतो, आणि त्यावरच ताजा ओतला जातो. असं केलं की जुने जिवाणू नव्या बफरमध्ये आयतेच पोसले जातात. लॅबमधल्या माझ्या सहकाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: उरलेला बफर ओतून द्या, बाटली धुवा, मगच नवा भरा. पाण्याची बाटली उजेडात असेल तर तपकिरी काचेची घ्या, नाहीतर शेवाळ धरतं. आणि पीक सरकले तर कॉलमचा पाना हातात घेण्याआधी नळी खाली धरून धार बघा.