कल्ल्यांची साक्ष

आमच्या सोयगावाहून अजिंठ्याची लेणी जवळ. समुद्र मात्र नकाशात पाहायचा. त्यामुळे मत्स्यावतार आणि मत्स्यगंधा यांपलीकडे अस्मादिकांचा माशांशी संबंध कधी आला नव्हता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पेणजवळ साडूंकडे गेलो आणि तो आला.

साडूंनी निवृत्तीचे सारे पैसे घालून खाडीच्या पाण्यावर जिताड्याचे तळे केले आहे. आम्ही पोहोचलो त्या पहाटे मासे वर येऊन धापा टाकत होते. दोन-चार उलटे तरंगतही होते. "जंतूंचा रोग!" म्हणत साडूंनी औषधाचा डबा काढला. मीही विद्वानासारखी मान डोलावली. प्राध्यापकाला निदानाची घाई फार!

इतक्यात मत्स्यशास्त्र शिकलेली एक मुलगी आली. मी तत्परतेने मेलेला मासा पुढे केला. "काका, हा नको. मेल्यावरही अंगावर जंतू चढतात. साक्षीदार जिवंत हवा." तिने धापा टाकणारा मासा धरून कल्ल्यांवरचे झाकण उचलले. लालभडक असायचे ते कल्ले फिकट आणि बुळबुळीत झाले होते. त्यांचा चिमुकला तुकडा खाऱ्या पाण्याच्या थेंबात ठेवून तिने सूक्ष्मदर्शक माझ्यापुढे सरकवला. केसांसारखे लांब, बारीक जंतू हळूहळू सरकत होते.

"सापडला चोर!" मी ओरडलो.

"पण दार कोणी उघडले?" असे म्हणून तिने पाण्यातला प्राणवायू आणि अमोनिया मोजला. रात्री पाण्यातले शेवाळही प्राणवायू घेते, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी. त्यात माशांची दाटी, तळाशी कुजलेले खाद्य. आधी कल्ले दुखावले, मग जंतूंचे फावले. खाऱ्या पाण्यातल्या अशा एका जंतूचे जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये नामकरण केले. "पण आपल्या तळ्यातला कोणता आणि त्याला कोणते औषध लागू, हे प्रयोगशाळा सांगेल," ती म्हणाली. डबा बंद झाला. खाद्य थांबले, पाणी बदलले, हवा घालणारी चक्री रात्रभर फिरू लागली. निम्म्याहून अधिक तळे वाचले.

सुट्टीनंतर वर्गात शेवटच्या बाकावरचा एक मुलगा नेहमीप्रमाणे पेंगत होता. या वेळी तास संपल्यावर त्याला थांबवून विचारले. शेतावर वीज रात्री येते. तो गव्हाला पाणी देऊन सकाळी थेट कॉलेजात येतो.

त्याच्या चाचणीच्या वहीवर 'आळशी' हा शेरा मी सप्टेंबरातच मारून ठेवला होता.