जॉर्जटाउन : पायी पाहायचे शहर

मलेशियातील पेनांग बेटावर गेलात तर जॉर्जटाउनचा जुना भाग पायीच पाहावा. आम्ही सकाळी लवकर निघालो, कारण नंतर दमट उकाडा असह्य होतो. तरी दुकानांपुढच्या सलग ओसऱ्यांचा मोठा आधार असतो. इथे त्यांना ‘पाच फुटी वाट’ म्हणतात. ऊन असो वा पाऊस, त्यांच्या सावलीतून बरेच अंतर चालता येते.

1786 मध्ये फ्रान्सिस लाइटने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात घेतले आणि व्यापारासाठी बंदर वसवले. किल्ला कंपनीने बांधला, पण शहर उभे केले ते बाहेरून आलेल्या माणसांनी. एकाच रस्त्याने चालताना हे दिसते. आधी 1818 चे सेंट जॉर्ज चर्च, मग चिनी लोकांचे क्वान यिन मंदिर, पुढे तमिळ हिंदूंचे मारिअम्मन मंदिर आणि मग कपितान केलिंग मशीद. हे सारे अंतर एक किलोमीटरही नाही.

ही मशीद 1801 ची. दक्षिण भारतातून आलेल्या मुस्लिमांचे प्रमुख कादर मुहियुद्दीन यांनी कंपनीकडून मशिदीसाठी 18 एकर जागा मिळवली. आम्ही वुजू करून जुहरची नमाज इथेच अदा केली. बाहेर पडल्यावर नासी कांदार खाल्ले. ‘कांदार’ म्हणजे आपली कावड. तमिळ मुस्लिम विक्रेते पूर्वी कावडीत भात आणि सालन घेऊन गल्लोगल्ली फिरत, त्यावरून हे नाव पडले.

जवळच अचे स्ट्रीट आहे. तिथली मशीद 1808 ची, सुमात्रातील अचेहून आलेल्या सय्यद हुसेन यांनी बांधलेली. हजला जहाजाने जाण्याच्या काळात आसपासच्या मुलखांतले यात्रेकरू याच गल्लीत मुक्काम करत. तिकिटे, सामान, निरोप सारे इथेच व्हायचे. लोक तिला ‘दुसरे जेद्दा’ म्हणत. ज्यांच्या घरातील वडीलधारे मुंबईच्या मुसाफिरखान्यात थांबून जहाजाने हजला गेले, त्यांना ही गल्ली परकी वाटणार नाही.

2008 मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारशात स्थान दिले. पण त्याआधीच भाडे-नियंत्रणाचा कायदा रद्द झाला होता. भाडी वाढली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी अनेक कुटुंबे शहराबाहेर गेली. रंगवलेल्या दारांमागे आता हॉटेले आणि कॅफे दिसतात. इमारती वाचल्या, शेजार मात्र विरळ झाला. अशा वेळी वक्फचे मोल कळते. ज्या जागेची अमानत नीट सांभाळली गेली, तिथे आजही अजान होते आणि सफ उभी राहते. आपल्या गावातील वक्फच्या जागा कोणत्या, त्यांची कागदपत्रे कोणाकडे आहेत, हे आपल्यापैकी किती घरांना ठाऊक आहे?