श्वासाचे बळ

श्वास घेण्यास बळ लागते, आणि ते मोजताही येते, हे आम्हांस गेल्या पावसाळ्यापर्यंत ठाऊक नव्हते. आमच्या कुटुंबास जिना चढताना धाप लागू लागली. छातीच्या क्ष-किरण चित्रात काही दोष दिसेना. तेव्हा डॉक्टरांनी श्वासाच्या स्नायूंची परीक्षा करावयास सांगितले.

परीक्षा दिसावयास सोपी. नाकास चिमटा लावावयाचा, छातीतील हवा शक्य तितकी बाहेर टाकावयाची, आणि नळी ओठांत घट्ट धरून सर्व शक्तीनिशी श्वास आत ओढावयाचा. नळीचे दुसरे टोक बंद, त्यामुळे लागते ती केवळ ओढ. त्या ओढीने पाणी किती सेंटिमीटर वर चढेल, तो आकडा म्हणजे स्नायूंचे बळ. नुसत्या गालांनी चोखून आकडा वाढू नये म्हणून नळीस एक बारीक छिद्र ठेवतात, आणि ओढ निदान एक सेकंद टिकावी लागते.

पहिला आकडा आला ४४, दुसरा ४६. भिंतीवरील कोष्टकात पुरुषांची सरासरी १०६ वाचून आमचे धाबेच दणाणले. तेव्हा परीक्षा घेणाऱ्या मुलीने शेजारचा रकाना दाखविला. १९८४ साली विल्सन प्रभृतींनी निरोगी माणसे मोजली, त्यांत स्त्रियांची सरासरी ७३ होती. १९६९ साली अमेरिकेत ब्लॅक व हायट यांना हीच सरासरी स्त्रियांत ८७ व पुरुषांत १२४ आढळली होती. तोंडात धरावयाच्या नळीचा घाट बदलला तरी आकडा बदलतो; आणि सरासरीच्या दोन्ही अंगांस निरोगी माणसे दूरवर पसरलेली असतात. निरोगीपणा ही एक रेषा नव्हे, तो एक रुंद पट्टा आहे.

तरीही ४६ कमीच होते. मुलगी म्हणाली, “काकू, अजून जोर लावा. लाजू नका.” त्यावर कुटुंबाने आमच्याकडे पाहिले आणि हळूच म्हटले, “तुम्ही जरा बाहेर बसता का?”

आम्ही बाहेर बसलो. पाचव्या खेपेस आकडा आला ७२.

स्नायू निर्दोष ठरले. धापेचे कारण डॉक्टरांनी अन्यत्र शोधले, ते सापडले, व औषधाने गुणही आला. परंतु तो बाकावरचा पाव तास आम्ही विसरलो नाही. ही परीक्षा स्नायूंची खरी, पण माणसाने मनापासून जोर लावला तरच ती खरी. पंचवीस वर्षे भरल्या घरात वावरताना ज्या बाईने कधी आवाज चढविला नाही, मोकळेपणी जांभईसुद्धा दिली नाही, तिला चारचौघांदेखत, आणि त्यातही आमच्यादेखत, तोंड वेडेवाकडे करून श्वास ओढणे कसे जमावे? आम्ही तेथेच ठाण मांडून बसलो असतो, तर ४६ हाच आकडा कागदावर चढून त्यास दुबळेपणा हे नाव मिळाले असते.

घरातील कोणास दुबळे म्हणण्यापूर्वी आता आम्ही एक गोष्ट करून पाहतो: जरा बाहेर जाऊन बसतो.