आमचे जलविमान

सत्तरी उलटलेल्या माणसाने हाती जपमाळ धरावी, खेळण्यातले विमान धरू नये, असा आमच्या आप्तेष्टांचा अभिप्राय आहे. आम्ही तो शिरसावंद्य मानतो, आणि रविवार उजाडला की विमान घेऊन तलावाची वाट धरतो.

या छंदाचे मूळ वडिलांच्या एका आठवणीत आहे. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंपीरियल एअरवेजची जलविमाने कराचीहून कलकत्त्यास जाताना राजसमंदनंतर आमच्या ग्वाल्हेरच्या माधवसागरावर उतरत. वडील तेव्हा दहा वर्षांचे होते. ‘विमान पाण्यावर बसले, आणि दोन्ही बाजूंनी पाणीच पंख होऊन उठले,’ असे ते सांगत. पुढे त्यांनी पुष्कळ विमाने पाहिली. परंतु असे दुसऱ्या कोणत्याच विमानाविषयी ते कधी बोलले नाहीत.

सेवानिवृत्तीनंतर दादा, म्हणजे आमचे थोरले बंधू, आणि आम्ही, असे दोघांनी मिळून रेडिओच्या आज्ञेने उडणारे जलविमान बांधले. पंखांचा विस्तार १४०० मिलिमीटर, वजन दीड किलो. सांगाडा बाल्साच्या लाकडाचा. ज्या दोन निमुळत्या होड्यांवर ते तरंगते, त्या फ्लोटांचा गाभा थर्माकोलचा, वर इपॉक्सीने बसविलेले फायबरग्लासचे पातळ कापड. फ्लोटांनी विमानाच्या वजनाच्या सुमारे १.८ पट भार पेलावा असा या विद्येतील संकेत आहे. म्हणून दोहोंचे मिळून आकारमान २७०० घनसेंटिमीटर ठेवले. फ्लोटच्या तळाला, गुरुत्वमध्याच्या किंचित मागे, एक पायरी असते. गुळगुळीत तळाला पाणी चिकटून बसते. पायरीपाशी त्याची पकड सुटते. ती नसेल तर मोटरने कितीही आकांत केला तरी पाणी विमानास सोडीत नाही.

आमच्या कामाची वाटणी ठरलेली होती. रेडिओ आमच्या हाती, पाणी दादांकडे. तलावाचा काठ उतरता आणि चिखलाचा. दादा कमरेइतक्या पाण्यात शिरत, विमानाचे तोंड वाऱ्याकडे करीत आणि ते सोडून देत. विमान मध्येच बंद पडले तर पोहत जाऊन घेऊन येत. काठावरच्या महादेवाच्या देवळातील पुजारी त्यांना गमतीने वरुणदेव म्हणत.

तीन वर्षांपूर्वी दादा गेले. विमान त्यांच्या घरी भिंतीवर टांगलेले राहिले. आमच्या गुडघ्यांमुळे वैद्यांनी आम्हांस पाण्यात उतरण्याची बंदी केलेली. तेव्हा आता ते तेथेच शोभेल, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले होते. एके दिवशी वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ते खाली काढा. यांच्या तसबिरीला मी हार घालते आहे; विमानालाही घालायला लावू नका.”

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. पाण्यात नेणारा नाही, तर विमानाने आपल्या पायांनी पाण्यात जावे आणि आपल्या पायांनी परत यावे, एवढाच मार्ग उरला होता. हा विचार काही आमच्या डोक्यातला नव्हे. आंरी फाब्र यांनी २८ मार्च १९१० रोजी फ्रान्समध्ये पाण्यावरून पहिले यांत्रिक उड्डाण केले, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत ग्लेन कर्टिस यांनी आपल्या जलविमानास चाके बसविली. आम्ही प्रत्येक फ्लोटच्या पायरीमागे एक हलके चाक लावले. दोन मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारेच्या पायावर ते वर फिरते, आणि फिरविणारी लहानशी सर्व्हो मोटर आम्ही डबीत बंद केली. पुढे टोकाला दोन छोटी चाके कायमची.

या सरंजामाने वजन १४० ग्रॅम वाढले, आणि त्यातला बहुतेक भार मागे पडला. फ्लोटांच्या टाचा बुडू लागल्या. बॅटरी इंचभर पुढे सरकवली तेव्हा तोल सावरला.

पहिल्या चाचणीस वहिनी आल्या. विमान घरंगळत पाण्यात गेले, चाके वर घेतली, उड्डाण सुरेख झाले. वर असताना चाकांची परीक्षा घ्यावी म्हणून आम्ही ती खाली केली, आणि आनंदाच्या भरात पुन्हा वर घ्यायची विसरलो. उभयचर विमानाचा हा जुना घात आम्हांस ठाऊक होता, तरीही चूक झाली. पाण्याला चाके लागताच विमान नाकावर कोलमडून उलटे झाले. आम्ही रेडिओ खाली ठेवला आणि पाण्यात शिरलो. गुडघ्याइतके पाणी झाले तोच मागून वहिनींचा स्वर आला, “भाऊजी, मागे फिरा. ते बुडाले तर पुन्हा बांधता येईल.”

आम्ही मागे फिरलो. दोघेही देवळाच्या पायरीवर बसलो. बोलण्यासारखे काही नव्हते. अर्ध्या तासाने वाऱ्याने ते उलटे विमान हळूहळू आणून काठाला लावले. रेडिओचा ग्राहक आम्ही रबरी फुग्यात बांधला होता. तो कोरडा निघाला.

त्यानंतर नियम ठरला. विमान उतरणीला लागले की वहिनी मोठ्याने विचारतात, “चाके?” आम्ही वर पाहून “वर” म्हणतो, मगच ते पाण्यावर बसते. पुढच्या रविवारी ते तसे बसले, पाण्यावरच चाके खाली केली, आणि चिखलातून चढत ते वहिनींच्या पावलांपाशी येऊन थांबले. त्यांनी पदराने त्याचे पंख पुसले.

“मामंजी सांगायचे ते पंख हेच ना, भाऊजी?” त्यांनी विचारले. “पाण्याचे?”

आम्ही होकार दिला. घरी निघालो तेव्हा आमची वस्त्रे कोरडी होती, आणि त्याची थोडी चुटपुट लागली.