कांचेच्या पदपथाखालीं

गेल्या वैशाखांत अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिअॅटल नगरीं आमच्या चिरंजीवांकडे राहण्याचा योग आला. तेथें एलियट उपसागराच्या कांठीं एक लांब पदपथ आहे. एके सकाळीं त्यावरून फिरत असतां पायांखालीं फरशीऐवजीं कांचेचे जाड ठोकळे बसविलेले दिसले. नातवानें विचारिलें, "आजोबा, रस्त्याला कांच कशाला?" जन्मभर मास्तरकी केलेल्या मनुष्यास नातवापुढें निरुत्तर होणें मानवत नाहीं, म्हणून आम्हीं चौकशी केली, तेव्हां कळलें कीं ती कांच माशांसाठीं आहे!

मत्स्याहार आमच्या घरीं कधीं शिरला नाहीं. सबब माशाच्या ताटांत काय वाढलेलें असतें याचा विचारही आम्हीं कधीं केला नव्हता. तो त्या दिवशीं करावा लागला.

सॅमन मासा नदीच्या गोड्या पाण्यांत जन्मतो. त्याचीं बोटाएवढीं पिलें वसंतऋतूंत डुवामिश नदींतून या उपसागरांत उतरतात, आणि कांठाकांठानें, उथळ पाण्यांतून, महासागराकडे जातात. उथळांत मोठ्या माशांचें भय कमी आणि अन्न विपुल. किनाऱ्यावर झुकलेल्या झाडाझुडपांवरून किडे पाण्यांत पडतात. भरतीनें टाकलेल्या शेवाळाच्या राशींत उड्या मारणारे बारीक कवचधारी जीव वाढतात. तळच्या खडेवाळूंत त्यांहूनही सूक्ष्म जीव असतात. हीच त्या पिलांची प्रवासांतील शिदोरी.

या सृष्टिक्रमांत मनुष्यानें भिंत घातली. येथील जुनी भिंत 1936 च्या सुमारास पुरी झाली. भिंत आली कीं उथळ किनारा जातो व एकदम खोल पाणी लागतें. झाडें जातात, त्यांबरोबर किडे जातात. शेवाळास थांबण्यास जागा राहत नाहीं. वर धक्क्यांची दाट सांवली. पिलें उजेडांत पाहून भक्ष्य टिपणारीं. अंधाराच्या कडेशीं येतांच तीं थबकतात आणि त्यांचें खाणें व प्रवास दोन्ही खुंटतात. ज्या प्युजेट खाडीचा हा उपसागर एक भाग आहे, तिच्या सुमारें 2,500 मैल किनाऱ्यापैकीं एक चतुर्थांशाहून अधिक असाच बांधलेला आहे.

हानि एवढ्यावरच थांबत नाहीं. कांहीं लहान मासे भरतीरेषेजवळच्या बारीक खड्यांत अंडीं घालतात; ती जागाच भिंतीखालीं गाडली जाते. ते मासे हें मोठ्या सॅमनचें अन्न, आणि चिनूक जातीचा सॅमन हें तेथील ओर्का देवमाशांचें मुख्य अन्न. येथील चिनूकची 1999 मध्यें संकटग्रस्त म्हणून सरकारदरबारीं नोंद झाली. 2005 मध्यें त्या ओर्कांचीही झाली.

गंमत अशी कीं, त्या भिंतीच्या आंतील लांकडी आधार एक चिमुकला समुद्री जीवच पोखरून खात होता! 2001 च्या भूकंपानंतर तिची जीर्णावस्था उघड झाली. 2012 मध्यें नागरिकांनीं मतदानानें 29 कोटि डॉलरांचें कर्ज मंजूर केलें, आणि 2013 पासून नवी भिंत बांधूं लागले. रस्ता व इमारती भरावावर उभ्या. भिंत काढून टाकणें शक्य नव्हतें. तेव्हां तिच्या अंगावर खांचा व फळ्या ठेविल्या, म्हणजे शेवाळ व जीव धरतील. पायथ्याशीं भर घालून तळ उथळ केला. आणि वरच्या पदपथांतून पाण्यापर्यंत उजेड जावा म्हणून कांच बसविली. जवळच 2007 मध्यें उघडलेल्या शिल्पोद्यानाशीं एक लहानशी चौपाटी आधींच केली होती. तेथें नुसत्या भिंतीपेक्षां पिलें अधिक आढळलीं. हरवलेला किनारा यानें पुरता परत येत नाहीं. तथापि वाट व घांसभर अन्न तरी मिळतें.

आम्हीं मुंबईस मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर कितीदां तरी बसून, खालच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर आदळणाऱ्या लाटा पाहिल्या आहेत. तेथें पूर्वीं कोण जेवत होतें, हा प्रश्न आम्हांस एकदांही सुचला नाहीं. आमचे वडील जेवणापूर्वीं काकबलि ठेवीत, मुंग्यांचाही भाग काढीत. किनाऱ्याचा घांस मात्र आपण न विचारतां उचलला. नातवाला आम्हीं सांगितलें, "बाळ, ही कांच म्हणजे उशिरां काढलेला बलि आहे." तो लगेच वांकून कांचेंतून खालीं पाहूं लागला.