ढग रुसतात का?

माझी शाळा सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात आहे. पावसाळ्यात आमच्या डोक्यावरून ढगांचे कळप पूर्वेकडे पळत असतात. खाली मात्र कित्येकदा टँकर चालूच! एका जुलैत चौथीतल्या मुलीनं विचारलं, ‘‘गुरुजी, ढग आपल्यावर रुसलेत का? आजी म्हणते, गावाचंच काहीतरी चुकलं असंल.’’

वर्ग गप्प झाला. मी म्हटलं, ‘‘चला, ढग येतात तिकडंच जाऊन बघू!’’

पुढच्या शनिवारी पंधरा मुलं, दोन पालक आणि मी पहाटेच्या एस.टी.त बसलो. निघालो थेट महाबळेश्वरला. साताऱ्यात भुरभुर होती. वाई सोडून पसरणीचा घाट चढू लागलो, तशा काचा ओल्या झाल्या. पाचगणीला सरी लागल्या आणि महाबळेश्वरला तर दहा पावलांवरचा माणूस दिसेना!

‘‘केवढं धुकं!’’ एकजण ओरडला.

‘‘धुकं कसलं? आपण ढगातच उभे आहोत!’’ मी म्हटलं. मुलांनी लगेच तोंडं उघडून ढग ‘खायला’ सुरुवात केली.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंच आहे. तिथल्या ऑर्थर सीटला गेलो. समोर कोकणाकडे तुटलेला सरळ कडा. कठड्याच्या आत उभं राहून एका मुलानं एक वाळकं पान दरीकडे सोडलं. आणि गंमत बघा, ते खाली न जाता गिरक्या घेत वर आलं! अरबी समुद्रावरून आलेला वारा कड्याला धडकतो आणि वर चढतो. त्यानंच पान उचललं होतं.

या वाऱ्यात पाण्याची वाफ असते, पण ती डोळ्यांना दिसत नाही. वर हवेचा दाब कमी, म्हणून चढणारी हवा पसरते आणि पसरताना गार होते. सायकलच्या ट्यूबमधून सुटणारी हवा बोटाला गार लागते ना? तसंच. गारव्यानं वाफेचं पाणी होतं. मात्र थेंबाला बसायला काहीतरी पाट हवा! समुद्राच्या मिठाचे, धुळीचे सूक्ष्म कण हे ते पाट. असे असंख्य थेंब म्हणजे ढग.

हे थेंब इतके हलके, की वाऱ्यावर तरंगत राहतात. ते एकमेकांवर आदळून, एकत्र होऊन जड झाले, की पाऊस पडतो. पावसाच्या एका टपोऱ्या थेंबात ढगातले सुमारे दहा लाख थेंब मावतात!

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तो वाहून गेला नाही, तर आमच्या शाळेचं छप्पर बुडेल. पण डोंगर ओलांडल्यावर हवा खाली उतरते, दाबली जाते आणि तापते. हवा भरताना सायकलचा पंप तापतो ना, तशी. मग ढग विरू लागतात. वाईला हजार मिलिमीटरही पाऊस होत नाही. आमच्या माणात तर पाचशेच्या आसपास, म्हणजे जेमतेम गुडघाभर! तोही बराचसा सप्टेंबर-ऑक्टोबरात. अशा भागाला ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ म्हणतात.

परतताना ती मुलगी खिडकीशी बसली होती. वाई मागं पडली, काचा कोरड्या झाल्या. ती हळूच म्हणाली, ‘‘म्हणजे गुरुजी, आपलं काही चुकलं नाही!’’

सोमवारी तिनं सांगितलं, ‘‘आजी म्हणाली, मग त्या डोंगराला म्हणावं, जरा वाक की!’’ सगळा वर्ग हसला.

डोंगर काही वाकायचा नाही. पण गुडघाभर का होईना, पडतो तो पाऊस अडवणं आपल्या हातात आहे. त्यासाठी आधी तो मोजायला हवा. आम्ही सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा अंगणात उघड्यावर ठेवला. रोज सकाळी पट्टीनं पाणी मोजतो, फळ्यावर आकडा लिहितो आणि डबा रिकामा करतो. तुम्हीही मोजा. तुमच्या गावाला डोंगर पाऊस देतो की अडवतो, ते तुमचं तुम्हालाच कळेल!