मामांची नागीण आणि थकलेल्या एन.के. पेशी

मांजरसुंब्याचे मामा एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रक्त तपासलं, तेव्हा पांढऱ्या पेशी ३८,००० निघाल्या. एरवी त्या ४ ते ११ हजारांच्या आसपास असतात. पुढच्या तपासण्यांत निदान झालं: क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सी.एल.एल. हा रक्ताचा कर्करोगच, पण बहुतेकांत अगदी सावकाश चालणारा. मामांना त्रास नव्हता, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट चांगले होते. अशा रुग्णाला लगेच औषध देऊन आयुष्य वाढत नाही, म्हणून नुसतं लक्ष ठेवतात. मी म्हणालो, "मामा, सध्या औषध नको. दर तीन महिन्यांनी दाखवा, आणि ताप आला की लगेच या."

त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी पोचलं.

मामा दोनदा आले, मग येणं थांबलं. आले ते थेट नागीण घेऊन, सहाव्या दिवशी. पाठीपासून बेंबीपर्यंत फोड, वर गेरूचा लेप. नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस जातो, या भीतीनं आधी मंत्र टाकणाऱ्याकडे नेलं होतं. या आजारावरची गोळी पहिल्या ७२ तासांत सुरू झाली तर सर्वांत जास्त उपयोगी पडते. मी जरा चिडूनच विचारलं, इतका उशीर का? मामा म्हणाले, "साहेब, तुम्हीच तर म्हणले होते, औषध लागत नाही म्हणून."

चूक माझी होती. 'औषध नको' याचा अर्थ 'आजार नाही' असा घेतला जातो, हे मला सुचायला हवं होतं.

त्या दिवशी मी खुर्ची ओढून बसलो आणि नॅचरल किलर, म्हणजे एन.के. पेशी समजावल्या. १९७५ साली स्वीडनमध्ये किसलिंग, क्लाइन आणि विगझेल यांनी त्या ओळखल्या. त्याच सुमारास अमेरिकेत हर्बरमन यांनाही त्या सापडल्या. या पेशी रक्तात गस्त घालतात. आपल्या प्रत्येक निरोगी पेशीच्या अंगावर ओळखीची एक खूण असते. विषाणू शिरलेली किंवा बिघडलेली पेशी ही खूण अनेकदा लपवते. खूण दिसली नाही, की एन.के. पेशी आपल्या दाण्यांमधली रसायनं सोडून तिला मारते.

"म्हणजे आमचं चेकिंगचं पथक," मामा म्हणाले. "तिकीट नाही, की उतर खाली." माझ्या उदाहरणापेक्षा हे कितीतरी चांगलं होतं.

सी.एल.एल.मध्ये गंमत अशी, की हे पथक बऱ्याचदा संख्येनं कमी नसतं. १९८४ साली के आणि झार्लिंग या संशोधकांनी दाखवलं, की अशा रुग्णांच्या एन.के. पेशींत ते दाणेच कमी असतात. पथक गाडीत चढतं, पण पावतीपुस्तक कोरं. कर्करोगाच्या पेशीही त्यांना दाबून टाकणारे संदेश सोडतात. शिवाय टी पेशी आणि प्रतिपिंडंही दुबळी होतात, म्हणून वर्षानुवर्षं शरीरात झोपलेला कांजिण्यांचा विषाणू नागीण होऊन उठतो. सगळा दोष एकट्या एन.के. पेशींवर टाकता येणार नाही.

मामांच्या मुलानं पिशवीतून 'इम्युनिटी' वाढवणारी महागडी पावडर काढली. अशा पावडरनं ते दाणे भरून येतात, असा पुरावा नाही. त्या पैशात लस घ्या, मी म्हणालो. न्यूमोनियाची आणि फ्लूची घ्यावी. नागिणीची निर्जीव लसही आता भारतात मिळते, मात्र ती अंगावरचे फोड पूर्ण बरे झाल्यावर. जिवंत विषाणूंच्या लसी या रुग्णांना चालत नाहीत.

"दुसऱ्या डेपोचं पथक आणता येतं का?" मामांनी विचारलं. प्रश्न ऐकून मी चाटच पडलो. अमेरिकेतल्या एम.डी. अँडरसन कर्करोग केंद्रात नेमकं तेच करून पाहिलंय. नाळेच्या रक्तातल्या एन.के. पेशींत बदल करून त्या ११ रुग्णांना दिल्या. त्यांतले पाच सी.एल.एल.चे होते. २०२०मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा आठ जणांत आजार मागे हटला होता. अजून तो प्रयोगच आहे, हेही सांगितलं.

मामांचे फोड सुकले, पण कमरेची आग अजून आहे. सदरा सैलच घालावा लागतो. मी आता 'औषध नको' एवढंच म्हणत नाही. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देतो: आजार आहे, लक्ष ठेवतोय, ताप किंवा फोड आले तर त्याच दिवशी या. मामांनी तो कागद एसटीच्या जुन्या पासाच्या पाकिटात ठेवलाय.